अ गट, ब गट आणि मधल्या भानगडी : एका प्रयोगाच्या नोंदी

दिवस १

प्रश्न ठरला. एखादा उतारा लक्षात ठेवायचा तर तो पुन्हापुन्हा वाचावा, की एकदा वाचून कागद पालथा घालावा आणि आठवेल तेवढं लिहावं? आठवड्यानं कोणाला जास्त आठवतं? प्रश्न नवा नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी आम्हाला काही नवं शोधायचं नव्हतं. स्वतंत्र गटांचा, म्हणजे प्रत्येक पद्धतीला वेगळी माणसं असलेला, प्रयोग स्वतःच्या हातानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा होता, एवढंच.

माझा पहिला आराखडा स्वतंत्र गटांचा नव्हताच. प्रत्येकाला दोन उतारे द्यायचे, एक पुन्हा वाचायला आणि एक आठवून लिहायला, म्हणजे निम्म्या माणसांत काम भागेल. क्रम आलटूनपालटून ठेवला की झालं, असं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी आराखडा वाचला आणि एकच विचारलं, "पहिल्या उताऱ्याला आठवून लिहायला लावलंस. आता दुसरा उतारा वाचताना तो मुलगा मनातल्या मनात आठवून बघणार नाही, असं तुला कशावरून वाटतं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. थकवा आणि सराव क्रम बदलून दोन्हीकडे सारखा वाटला जातो. शिकलेली युक्ती तशी वाटली जात नाही. आधी आठवून लिहिलेला माणूस नंतर साधं वाचन करूच शकत नाही, उलट क्रमात मात्र ही अडचण येत नाही. एकदा लागलेली सवय पुसता येत नसेल तर वेगळी माणसं घ्यावीच लागतात. अ गट पुन्हा वाचणार, ब गट आठवून लिहिणार, आणि कोणीही दोन्ही करणार नाही.

दिवस ३

माणसांचा हिशेब. हा आकडा आधी बघितला असता तर पहिला आराखडा सोडायला मी इतक्या सहज तयार झाले नसते.

फरक मध्यम आकाराचा म्हणजे प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्या मापाच्या) निम्मा (०.५) धरला, सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याचा धोका) ०.०५ आणि सामर्थ्य (खरा फरक पकडण्याची शक्यता) ८० टक्के घेतलं, तर स्वतंत्र गटांना प्रत्येकी ६४ माणसं लागतात. एकूण १२८. तीच माणसं दोन्हीकडे वापरली असती आणि त्यांच्या दोन गुणांमध्ये ०.५ इतका सहसंबंध (एकाबरोबर दुसरा किती वरखाली होतो त्याचं माप) असता तर ३४ जणांत भागलं असतं. माणसामाणसांतला फरक त्या रचनेत वजा होतो, इथे तो सगळा अंगावर येतो.

आमच्याकडे फार तर ९०-१०० जण मिळतील. गटात ४५ असले तर ०.६ च्या खालचा फरक पकडण्याची खात्री देता येत नाही. यावर मॅडमनी सुचवलेला उपाय असा : प्रत्येकाची आधी एक छोटी चाचणी घ्यायची आणि ते गुण विश्लेषणात सहचल म्हणून धरायचे, म्हणजे माणसांतला आधीपासूनचा फरक तेवढा वजा होतो. त्या गुणांचा अंतिम गुणांशी सहसंबंध ०.५ निघाला तर गुणांमधलं उरलेलं विचरण (पसारा) तीन चतुर्थांशावर येतं, ०.७ निघाला तर निम्म्यावर. फुकटात माणसं वाढवल्यासारखंच.

पण पूर्वचाचणी कसली घ्यायची? मी आधी आठवण्याचीच चाचणी धरली होती. मग लक्षात आलं की त्यानं अ गटालाही आठवून लिहिण्याचा सराव मिळेल. पूर्वचाचणीच माणसाला बदलते का, हे तपासायला सॉलोमननं १९४९ मध्ये चार गटांची रचना मांडली. आम्हाला चार गट परवडणारे नव्हते. म्हणून समोर उतारा ठेवून सोडवायचे २० वस्तुनिष्ठ प्रश्न घेतले. त्यात पाठांतराचा संबंध नाही.

दिवस ६

पायलट, म्हणजे रंगीत तालीम. सहा जण, तीन-तीन. इतक्या छोट्या पायलटमधून आकडे मिळत नाहीत, पण चुका भरपूर मिळतात.

अ गटाला सूचना होती : "उतारा पुन्हा वाचा." एक मुलगा पेननं अधोरेखित करत बसला. एकीनं दोनदा वाचून झाल्यावर कागदावर पालथा हात ठेवला, छताकडे बघत ओठ हलवले, मग हात काढून खालची ओळ तपासली. मी मागून बघत होते. ज्या गटानं आठवायचं नाही तो गट माझ्यासमोर आठवत होता, आणि सूचनेत त्याला कुठेही मनाई नव्हती.

तिसरा चार मिनिटांत संपवून मोकळा झाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. ब गटातले तिघं मात्र वेळ संपेपर्यंत लिहीत होते. म्हणजे पद्धतीबरोबर मेहनतीचा वेळही वेगळा पडला. ब गट पुढे आला असता तर तो आठवल्यामुळे की जास्त वेळ घासल्यामुळे, हे सांगता आलं नसतं.

बदल केले ते असे. दोन्ही गटांना पहिलं वाचन सात मिनिटं आणि दुसरा टप्पा सात मिनिटं, वेळ संपेपर्यंत काम चालूच. अ गटाची सूचना : "पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. संपलं की समासात एक रेघ ओढा आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करा." पेन दोन्ही गटांना दिलं, अधोरेखन दोन्ही गटांना बंद. रेघांमुळे वाचन खरंच चाललंय का हेही कळतं. नवी सूचना आणखी दोघांवर तपासली. मनातलं कोणी थांबवू शकत नाही, पण हात ठेवून ओठ हलवणं बंद झालं.

दिवस ९

गट पाडणं. मला हे तासाभराचं काम वाटलं होतं, लागले तीन दिवस.

सगळ्यात सोपा मार्ग डोळ्यांसमोर होता : सकाळची तुकडी अ, दुपारची ब. खोली एक, सूचना एक, गोंधळ शून्य. पण सकाळी येणारे आणि दुपारी येणारे आधीच वेगळे असतात. कोणी नोकरी करून येतं, कोणी लांबून येतं, दुपारी डोळे मिटतात. मग निघालेला फरक पद्धतीचा की वेळेचा? शंभर माणसं घेऊनही खरं तर एक सकाळ आणि एक दुपार एवढ्याचीच तुलना झाली असती.

हजेरीपटावरचे सम-विषम क्रमांकही सोडून दिले. त्यात यादी बघणाऱ्याला पुढचा माणूस कुठे जाणार हे आधीच कळतं.

मग नाणं. गंमत म्हणून ४० वेळा उडवून पाहिलं तर २४-१६ पडलं. नाण्यात खोट नाही. ४० वेळांत बरोबर २०-२० पडण्याची शक्यता साधारण साडेबारा टक्केच असते, आणि २५-१५ किंवा त्याहून वाकडं पडण्याची १५ टक्क्यांच्या आसपास. हजार माणसं असती तर चाललं असतं. आम्हाला एकेक माणूस महाग.

म्हणून चारचे ठोकळे. प्रत्येक चार जणांत दोन अ, दोन ब, आणि त्यांचा क्रम सहा प्रकारांपैकी चिठ्ठीनं येईल तो. प्रत्येक सत्राला १२ जण, म्हणजे तीन ठोकळे. आठ सत्रं, ९६ जागा.

दिवस १०

एक्सेलनं घात केला. खरं तर मीच केला.

रँडच्या (कुठलाही आकडा योगायोगानं काढून देणाऱ्या) सूत्रानं आकडे काढले, त्यावर क्रम लावला, यादी छापली आणि फाइल जतन केली. आज उरलेली पाकिटं भरण्यापूर्वी सहज छापलेली यादी फाइलशी ताडली. एकही ओळ जुळेना. ते सूत्र फाइल उघडली की, किंवा कुठल्याही चौकोनात काही टाइप केलं की, नवे आकडे काढतं. कालची यादी आता फक्त त्या कागदावर होती, तिची दुसरी प्रत कुठेच नाही. शिवाय क्रम लावल्यावर आकडे पुन्हा बदललेले, त्यामुळे ती नेमकी कशी तयार झाली हे मलाही दाखवता येईना.

यादी पुन्हा केली. या वेळी आकडे काढल्या काढल्या कॉपी करून "पेस्ट व्हॅल्यूज" केलं, म्हणजे सूत्र जाऊन नुसते आकडे उरले. फाइलची एक प्रत मॅडमना मेल केली. आता मनात आलं तरी बदलता येणार नाही. गेलेला वेळ : एक अख्खा दिवस आणि आधी चिकटवलेली ३० पाकिटं.

दिवस ११-१२

पाकिटं. वर अनुक्रमांक, आत "अ" किंवा "ब". ही कल्पना जुनीच. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयरोग चाचणीत रुग्ण कोणत्या गटात जाणार हे बंद पाकिटात होतं, आणि रुग्णाला चाचणीत घ्यायचं ठरल्याशिवाय ते उघडायचं नाही असा दंडक होता.

पहिलं भरलेलं पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं तर "ब" स्वच्छ दिसला. चिठ्ठीची चौपट घडी घातली, तरी दिसला. शेवटी प्रत्येक चिठ्ठी काळ्या कागदात गुंडाळली. ९६ पाकिटं, तिघीजणी, सव्वाचार तास.

भरताना मदतीला आलेली ज्युनिअर म्हणाली, "ताई, अ, अ, ब गेले की चौथा ब असणार ना?" असणारच. ठोकळा चारचा आहे हे दारावर बसणाऱ्याला माहीत असेल तर प्रत्येक ठोकळ्याचं शेवटचं पाकीट उघडंच म्हणायचं. आता ठोकळे कधी चारचे, कधी सहाचे. बारा जणांत तीन चारचे की दोन सहाचे, हेही चिठ्ठीनं. यादी तिसऱ्यांदा केली. ती कोणी केली आणि दारावर कोण बसणार ही माणसं वेगळी ठेवली. यादी माझी, त्यामुळे दारावर मी नाही.

खोल्यांचा प्रश्न त्याच दिवशी सोडवला. दोन्ही गट एका खोलीत बसवले तर वाचणाऱ्यांना शेजारचा लिहिताना दिसतो. दोन खोल्या घेतल्या तर खोली आणि तिथली मदतनीस हे दोन जादा फरक चिकटतात. म्हणून खोल्या दोन, पण दर सत्राला गटांची खोलीही बदलायची आणि मदतनीसही.

दिवस १९

सत्र १. बारापैकी अकरा आले, आणि ते अकराही वाया गेले.

सूचना छापील होत्या, पण त्या कागदावरून वाचा असं मी सांगितलं नव्हतं. ब खोलीतल्या मदतनिसानं पाठ केलेली सूचना छान हसून सांगितली आणि शेवटी स्वतःचं वाक्य जोडलं : "बघू या हं, कोणाची मेमरी शार्प आहे!" अ खोलीतली मदतनीस कंटाळलेली होती. तिनं "वाचायचंय फक्त" म्हणून कागद वाटले. "फक्त" या एका शब्दानं दोन्ही गट वेगळे झाले.

मुद्दाम कोणी केलं नाही. रोझेन्थाल आणि फोड यांच्या १९६३ च्या प्रयोगात १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले होते. काहींना सांगितलं तुमचे हुशार जातीचे, काहींना सांगितलं मठ्ठ. उंदीर मुळात सारखेच. "हुशार" उंदीर चक्रव्यूहात चांगले धावले. उंदरांपर्यंत जर हे पोचत असेल तर माणसांना "मेमरी शार्प" पोचणारच.

संध्याकाळी मॅडमशी बसून ठरवलं : हे अकरा जण पायलटमध्ये. त्यांचे कागद बघण्याआधी ठरवलं आणि तसं वहीत तारखेसह लिहिलं. आधी गुण बघितले असते तर हाच निर्णय प्रामाणिक राहिला नसता. एक सत्र वाढवलं, बारा नवी पाकिटं केली. यापुढे सूचना कागदावरून जशीच्या तशी वाचायची, कोणी काही विचारलं तर "सूचना पुन्हा वाचून दाखवते" एवढंच म्हणायचं.

दिवस २०-२२

आठ सत्रं तीन दिवसांत उरकली. आधी दोन आठवड्यांत पसरवणार होते. पण जितके दिवस लांबेल तितकं कॉरिडॉरमध्ये बोलणं होणार. ९६ पैकी ९२ आले. पाकिटांप्रमाणे अ ४६, ब ४६.

तिसऱ्या सत्राला दोघी मैत्रिणी आल्या. एकीची चिठ्ठी अ, दुसरीची ब. "आम्ही एकत्र बसलो तर चालेल का?" दारावरच्या मुलीला नाही म्हणवेना, तिनं ब वालीला अ खोलीत पाठवलं. मला रात्री कळलं. आता ही मुलगी कोणाची? जे केलं ते बघितलं तर अ ची, चिठ्ठी बघितली तर ब ची. ब मध्ये धरली. माणसांना आपल्या मर्जीनं गट बदलता आले की गट चिठ्ठीचे राहत नाहीत, आणि चिठ्ठी सोडली तर या दोन गटांना सारखं म्हणायला आमच्याकडे दुसरा आधार नाही. एकीमुळे फरक जरासा पातळ होईल, होऊ दे. वहीत नोंद केली. दारावर पाटी लावली : बदल नाही.

सत्र संपल्यावर जिन्यात ऐकलेलं संभाषण : "तुम्हाला काय करायला लावलं?" "वाचायला." "आम्हाला लिहायला लावलं, हात मोडला." "मग आमचं सोपंच की." पुढच्या सत्रापासून निघतानाची विनंती कागदावर आणली, आठवडाभर कोणाशी बोलू नका म्हणून. पाळली किती जणांनी देव जाणे. म्हणून शेवटच्या चाचणीबरोबर दोन प्रश्न जोडले : मधल्या दिवसांत दुसऱ्या गटातल्या कोणाशी बोललात का, आणि उतारा स्वतःहून आठवून पाहिलात का?

यादृच्छिक वाटपाची, म्हणजे चिठ्ठीनं गट पाडण्याची, पद्धत संख्याशास्त्रज्ञ फिशरनं इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर बसवली. वाफ्यांचं एक बरं असतं. ते जिन्यात भेटत नाहीत, आणि आठवड्यानं बोलावलं तर येत नाही असंही म्हणत नाहीत.

दिवस २७-२९

शेवटची चाचणी, प्रत्येकाच्या सत्रानंतर सातव्या दिवशी. ९२ पैकी ८१ आले.

८१ म्हणजे वाईट नाही, असं म्हणून मी घरी निघाले होते. गटवार मोजायचं मदतनिसाला सुचलं. अ ४४, ब ३७. म्हणजे अ मधले दोन गळाले, ब मधले नऊ.

गळती दोन्हीकडे सारखी असती तर माणसं कमी झाली, संख्येचा तोटा, इतकंच. एका बाजूनं जास्त गळाली की राहिलेले दोन गट आता चिठ्ठीनं पाडलेले उरत नाहीत. ब मधून कोण गेलं? त्या नऊ जणांचे पहिल्या दिवशीचे कागद आमच्याकडे होते, कारण ब गटानं लिहिलं होतं. ते काढून टेबलावर मांडले. एकानं दीड ओळ लिहून पेन ठेवलं होतं. एकीनं चार शब्द लिहून खोडले होते आणि खाली "सॉरी" लिहिलं होतं. नऊपैकी सात कागद असेच, अर्ध्या पानाच्या आतले. ज्यांना आठवलं नाही त्यांना पुन्हा तेच करायला यायचं नव्हतं. अ गटातल्या कोणाला आपल्याला काही आठवत नाही हे कळायची संधीच मिळाली नव्हती.

थोडक्यात, ब गटातले कच्चे बाहेर गेले होते आणि अ गटातले कच्चे अजून आत होते. आहे त्या ८१ जणांवर चाचणी लावली असती तर ब गट दिमाखात जिंकला असता, त्या जिंकण्यातला काही भाग हजेरीचाच असता.

दिवस ३०-३१

अकराही जणांना फोन. ब च्याच नऊ जणांना केला असता तर तोही एक वेगळा वागणुकीचा फरक, म्हणून अ च्या दोघांनाही तेच शब्द, तेवढेच फोन. "परीक्षा नाही, गुण कोणाला दाखवणार नाही, काहीच आठवलं नाही तर कोरा कागद द्या, तोही आमच्या कामाचा आहे." हे शेवटचं वाक्य पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायला हवं होतं. निमंत्रणपत्रात ते नव्हतं.

अ मधला एक आला, ब मधले पाच. कोणी आठव्या दिवशी, कोणी नवव्या. उशीर झाला तो बहुतेक ब चा झाला, म्हणजे त्यांना विसरायला एखाददोन दिवस जास्त मिळाले. हे ब च्या विरोधात जातं, ब ला फुगवत नाही, म्हणून घेतलं आणि दिवसांची नोंद ठेवली. आता अ ४५, ब ४२.

दिवस ३३-३४

तपासणी. दोघींनी स्वतंत्रपणे ३० पैकी गुण द्यायचे, गट माहीत नसताना. त्यासाठी शेवटची चाचणी सगळ्यांची एकाच कागदावर घेतली होती, वर फक्त संकेतांक.

दहाएक कागद झाल्यावर एक परीक्षक म्हणाली, "हिरवे आकडे चांगले लिहितायत." अ च्या यादीवरून संकेतांक लिहिणारीकडे निळं पेन होतं, ब च्या यादीवरून लिहिणारीकडे हिरवं. तिला गट ठाऊक नव्हता, पण दोन ढीग आहेत आणि त्यातला एक बरा आहे, एवढं कळायला दहा कागद पुरले. पुढच्या हिरव्या कागदावरच्या अर्धवट वाक्याला ती अर्धा गुण जास्त देणार नाही, याची खात्री कोण देणार?

संकेतांक झाकून ८७ कागदांच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढल्या, नवे आकडे छापून चिकटवले, ढीग पिसला. परीक्षक बदलली, तपासणी पहिल्यापासून. एक दुपार आणि एक परीक्षक गेली.

दिवस ३६

विश्लेषण. आणखी एक चूक, नशिबानं लगेच उघडी पडलेली.

एक्सेलमध्ये अ एका रकान्यात, ब शेजारच्यात. टी-चाचणीच्या (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या) सूत्रात शेवटी प्रकार विचारतात : १ म्हणजे जोडीची, २ म्हणजे समान विचरणाची, ३ म्हणजे असमान विचरणाची. मी सवयीनं १ टाकला. एक्सेलनं एरर दिली, कारण ४५ आणि ४२ च्या जोड्या लागत नाहीत. दोन्ही गट ४५ चे असते तर तिसऱ्या ओळीतल्या अ ची तिसऱ्या ओळीतल्या ब शी जोडी लावून त्यानं गुपचूप आकडा दिला असता, आणि मी तो अहवालात घातला असता. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, तर काही नाही. स्वतंत्र गटांना ३, म्हणजे वेल्चची चाचणी. विचरणं समान आहेत की नाहीत या वादात पडायची गरज राहत नाही.

मुख्य विश्लेषण मात्र आधी लिहून ठेवल्याप्रमाणे पूर्वचाचणी सहचल धरूनच केलं. गट पूर्वचाचणीत सारखे आहेत का याची सार्थकता-चाचणी लावायचा मोह झाला होता. मॅडम म्हणाल्या, "वाटप चिठ्ठीनं झालंय हे तुला माहीत आहे. मग फरक योगायोगानं आला का, हे कशाला विचारतेस? योगायोगानंच आला." सरासऱ्या नुसत्या तक्त्यात दिल्या.

फरक ब च्या बाजूनं, ३० पैकी २.३ गुणांचा. ९५ टक्के विश्वास-अंतर, म्हणजे खरा फरक ज्या टप्प्यात असावा असं धरता येतं तो टप्पा, ०.६ ते ४.०. पूर्वचाचणीचा सहसंबंध ०.५ च्या आसपास निघाला, म्हणजे ती घेतल्याचं सार्थक झालं.

दिवस ३७

एक प्रश्न अहवालातून काढून टाकला. पहिल्या दिवशी कामानंतर विचारलं होतं : "तुम्हाला हे किती लक्षात राहील असं वाटतं? १ ते १०." अ गटानं ब पेक्षा जास्त आकडे दिले आणि मी त्यावर अर्धं पान लिहिलं होतं, वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास फाजील वगैरे.

मॅडमनी बर्नबॉमचा १९९९ चा प्रयोग सांगितला. एका गटाला विचारलं, ९ ही संख्या किती मोठी? दुसऱ्या गटाला विचारलं, २२१ किती मोठी? सरासरीत ९ ही २२१ पेक्षा मोठी ठरली. ९ ऐकलं की माणूस मनात एक आकडी संख्या धरतो, २२१ ऐकलं की तीन आकडी. वेगवेगळ्या गटांची मतं एकाच पट्टीवर मोजली तरी पट्टी प्रत्येक गट आपल्या मनातली वापरतो. आमच्या ब गटानं नुकताच रिकामा कागद बघितला होता, त्यांचा "५" आणि अ गटाचा "५" एकच कशावरून? ३० पैकी मिळालेल्या गुणांना ही भानगड नाही, तिथे मोजणारी पट्टी आमची आहे. मताच्या प्रश्नांना आहे. अर्धं पान खोडलं.

दिवस ४०

गळालेल्यांचा हिशेब. अ मधला एक आणि ब मधले चार शेवटपर्यंत आले नाहीत. त्या चौघांना ब मधल्या सगळ्यात कमी गुणांइतके गुण मिळाले असते, आणि अ मधल्या एकाला अ च्या सरासरीइतके, असं धरून पुन्हा आकडे काढले. फरक दीड गुणावर आला आणि विश्वास-अंतरात शून्य शिरलं, म्हणजे फरक मुळात नसेलही.

हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापायचे ठरवलं. मैत्रीण म्हणाली, दुसरा कशाला देतेस, पहिला स्वच्छ आहे. पण फोन न करता नऊच्या नऊ सोडून दिले असते तर पहिला याहून स्वच्छ दिसला असता.

मैत्रिणीबरोबर बसायला खोली बदललेल्या मुलीसह आणि तिच्याशिवाय, दोन्ही करून पाहिलं. काही हललं नाही.

"दुसऱ्या गटाशी बोललात का" याला अ मधल्या अकरा जणांनी हो लिहिलं. त्यातल्या तिघांनी पुढे लिहिलंय की मग घरी जाऊन आम्हीही आठवून पाहिलं. त्यांना काढलेलं नाही, आकडा मात्र दिलाय.

दिवस ४३

सगळ्यांना बोलावून खरा हेतू सांगितला आणि अ गटाला आठवून लिहिण्याची पद्धत करून दाखवली. "सॉरी" लिहिणारी आली होती, फोननंतर चाचणीला आलेल्या ब च्या पाच जणांपैकी ती एक. तिचा कागद कुठला हे फक्त मला माहीत होतं. तिनं विचारलं, "मला किती पडले?" व्यक्तीचे गुण सांगायचे नाहीत असं संमतिपत्रात आहे, म्हणून सांगितले नाहीत. मग म्हणाली, "पण कोरा नव्हता दिला हं मी."

पुढच्यासाठी वहीच्या आतल्या पानावर लिहिलेलं : काळा कागद आधी आण. पेनं एकाच रंगाची. निमंत्रणातच "कोरा चालेल" लिही. आणि हजेरी रोज गटवार मोज.